मुंगीसिंहाची भावकी

उन्हाळ्याच्या सुटीत गावी गेलात की घराच्या सपरीच्या कडेला, गुरांच्या कोठ्याच्या छपराखाली किंवा देवळाच्या ओट्यालगत जरा खाली वाकून पाहा. जिथे पावसाचे थेंब सहसा पोचत नाहीत आणि जिथली माती पिठासारखी भुरभुरीत असते, अशा फुफाट्यात तुम्हांला नरसाळ्याच्या आकाराचे लहान लहान खड्डे दिसतील. अमरावती-अकोल्याकडच्या मुलांना हे खड्डे नवे नाहीत. गवताच्या काडीने खड्ड्याची कड हळूच खरवडली की तळातून मातीचा फवारा उडतो, हे पुष्कळांनी पाहिलेले असेल. ह्या फवाऱ्यामागे जो किडा असतो त्याला शास्त्रीय पुस्तकांत मुंगीसिंह म्हणतात. गावोगावी त्याची निरनिराळी नावे आहेत.

ह्या लेखात आपण मुंगीसिंहाचे नातेवाईक कोण, हे पाहणार आहोत. प्रश्न साधा वाटतो. पण त्याच्या उत्तरासाठी कीटकशास्त्रज्ञांना अडीचशे वर्षे खपावे लागले, आणि जे उत्तर मिळाले त्याने एक संपूर्ण कुल पुस्तकातून पुसण्याची वेळ आली.

खड्ड्यातला शिकारी

खड्डा करणारा मुंगीसिंह म्हणजे पूर्ण वाढलेला कीटक नव्हे. ती त्याची अळी होय. शरीर गुबगुबीत, रंग मातीसारखा आणि डोक्यापुढे विळ्यासारखे वाकलेले दोन जबडे. ही अळी मागे मागे सरकत गोल गोल फेऱ्या घेते आणि डोक्याने माती बाहेर उडवते. फेऱ्या लहान होत जातात, खड्डा खोल होत जातो. शेवटी ती तळाशी मातीत लपून बसते आणि केवळ जबडे बाहेर ठेवते.

ह्या खड्ड्यात पदार्थविज्ञानाचा एक सुंदर धडा आहे. कोरडी वाळू जमिनीवर ओतत गेलात तर तिचा ढीग ठरावीक उतारापेक्षा जास्त उभा होत नाही. जास्तीची वाळू घसरून खाली येते. ह्या उताराच्या कोनाला विरामकोन म्हणतात. कोरड्या वाळूसाठी तो साधारणपणे ३० ते ३५ अंश असतो. मुंगीसिंहाच्या खड्ड्याच्या भिंती जवळजवळ ह्याच मर्यादेवर उभ्या असतात. समजा, खड्ड्याचे तोंड ४ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे त्रिज्या २ सेंटिमीटर. उतार ३३ अंशांचा धरला तर खोली सुमारे १.३ सेंटिमीटर येते. अशा भिंतीवर मुंगीचा पाय पडला की तेवढे निमित्त पुरते; कण सुटतात आणि त्यांच्याबरोबर मुंगीही घसरते. ती वर चढू लागली तर अळी खालून माती उडवते. उडवलेली माती मुंगीवर पडते, शिवाय तळ पोखरला गेल्यामुळे भिंत आणखी ढासळते.

मुंगी जबड्यांत सापडली की अळी तिला चावून खात नाही. तिच्या प्रत्येक जबड्याच्या खालच्या बाजूला खाच असते आणि त्या खाचेत दुसरा एक मुखावयव बसून नळी तयार होते. ह्या नळीतून पाचक रस भक्ष्याच्या शरीरात सोडला जातो आणि आतले पातळ झालेले अन्न शोषून घेतले जाते. उरलेले टरफल अळी खड्ड्याबाहेर फेकते.

सिंहाला पंख फुटतात

खाणे किती मिळते त्यावर अळीची वाढ अवलंबून असते. कधी ह्या वाढीला एक वर्ष लागते, कधी त्याहून अधिक. पुरेशी वाढ झाल्यावर ती मातीतच रेशमाचा गोल कोष विणते. ह्या कोषाला बाहेरून मातीचे कण चिकटतात, त्यामुळे तो मातीच्या गोळीसारखा दिसतो. काही आठवड्यांनी त्यातून बाहेर येतो तो एक सडपातळ, चार लांब पंखांचा कीटक. त्याला पाहून हा त्या गुबगुबीत अळीचाच पुढचा अवतार आहे असे सांगितले तर खरे वाटणार नाही.

संध्याकाळी दिव्यावर येणारा हा कीटक पुष्कळांना चतुर वाटतो. पण दोघांत गोंधळ होण्याचे कारण नाही. चतुराच्या मिशा, म्हणजे शृंगिका, केसाएवढ्या बारीक व आखूड असतात. मुंगीसिंहाच्या शृंगिका ठळक असून टोकाशी जाड झालेल्या असतात. चतुर बसताना पंख आडवे पसरून बसतो. मुंगीसिंह ते घराच्या छपरासारखे पाठीवर उतरते मिटतो. चतुर उड्डाणात तरबेज, तर बहुतेक मुंगीसिंहांचे उडणे दुबळे आणि फडफडते. शिवाय चतुराची पिले पाण्यात वाढतात आणि त्यांना कोषावस्था नसते.

मुंगीसिंह ज्या गणात मोडतो त्याचे नाव न्यूरॉप्टेरा. पंखांवर शिरांचे दाट जाळे असलेल्या कीटकांचा हा गण आहे. कपाशीच्या शेतात मावा खाणारा क्रायसोपा तुमच्या घरच्या शेतकऱ्यांना माहीत असेल. तोही ह्याच गणातला.

घुबडमाशी

ह्या गणात मुंगीसिंहाला अगदी जवळचा वाटणारा एक कीटक आहे. इंग्रजीत त्याला आउलफ्लाय म्हणतात. आपण घुबडमाशी म्हणू. तिच्या शास्त्रीय नावातही घुबड आहे. ग्रीक पुराणकथेत अ‍ॅस्कलॅफस नावाच्या एकाचे शापाने घुबड होते. त्याचे नाव फॅब्रिशियस ह्या शास्त्रज्ञाने १७७५ साली ह्या कीटकांच्या प्रजातीला दिले.

घुबडमाशीचे डोळे मोठे व फुगीर असतात. पुष्कळ जातींत प्रत्येक डोळ्यावर आडवी खाच असून त्याचे वरचा व खालचा असे दोन भाग पडलेले दिसतात. तिच्या शृंगिका लांब, बहुतेकींच्या तर जवळजवळ शरीराइतक्या लांब असतात आणि टोकाला फुलपाखराच्या मिशीसारखी गुंडी असते. ती हवेतल्या हवेत वेगाने भक्ष्य पकडते. विसावताना काही जाती काडीला चिकटून बसतात आणि पोटाचा भाग असा बाहेर काढतात, की मोडक्या फांदीचा तुकडाच वाटावा.

घुबडमाशीची अळी मात्र खड्डा करीत नाही. ती पालापाचोळ्यात, मातीत किंवा झाडाच्या सालीवर जबडे वासून वाट पाहत बसते. तिच्या शरीराच्या दोन्ही कडांना बोटांसारखे उंचवटे असतात. पण जबडे तेच, विळ्यासारखे आणि पोकळ. मुंगीसिंहाच्या आणि घुबडमाशीच्या अळ्यांत आणखी एक साम्य आहे: दोघींच्याही मागच्या पायाची नडगी आणि पाऊल एकमेकांना जोडून एकसंध झालेले असते.

दोन कुले ठरली

आता वर्गीकरणाकडे वळू. लिनियसने १७५८ साली न्यूरॉप्टेरा हा गण केला तेव्हा त्याने त्यात चतुरांनाही घातले होते. जाळीदार पंख दिसले की न्यूरॉप्टेरा, असा तो हिशेब होता. मुंगीसिंहासाठी मिरमेलिऑन ही स्वतंत्र प्रजाती त्याने १७६७ साली केली. ग्रीक भाषेत 'मिरमेक्स' म्हणजे मुंगी आणि 'लिऑन' म्हणजे सिंह.

घुबडमाशीने तर शास्त्रज्ञांना चांगलेच चकवले. स्कोपोली ह्या निसर्गशास्त्रज्ञाने १७६३ साली युरोपातील एका रंगीत पंखांच्या घुबडमाशीचे वर्णन केले ते चक्क फुलपाखरू म्हणून! मिशीच्या टोकाची गुंडी आणि पंखांचे रंग पाहून त्याने तिला फुलपाखरांच्या प्रजातीत बसवले.

पुढे चूक सुधारली गेली. मुंगीसिंहांचे कुल लात्रेय ह्याने १८०२ साली मांडले. त्याचे नाव मिरमेलिऑन्टिडी. घुबडमाश्यांचे कुल १८४२ साली मांडले गेले. त्याचे नाव अ‍ॅस्कलॅफिडी. दोघांत फरक करण्याच्या खुणाही ठरल्या. आखूड शृंगिका तो मुंगीसिंह, लांब शृंगिका ती घुबडमाशी. पंखाच्या पुढच्या कडेला टोकाजवळ एक ठिपका असतो. त्याच्यामागचे शिरांचे घर लांबट असेल तर मुंगीसिंह, आखूड असेल तर घुबडमाशी. पुस्तकांतून हीच विभागणी पिढ्यानपिढ्या शिकवली गेली. जगात मुंगीसिंहांच्या दीड हजारांहून अधिक आणि घुबडमाश्यांच्या सुमारे चारशे जाती मोजल्या गेल्या.

चौकटीत न बसणारे

पण निसर्ग आपल्या चौकटी पाहून चालत नाही. ऑस्ट्रेलियात स्टिल्बॉप्टेरिक्स नावाचे मोठे कीटक आहेत. त्यांचे वेगवान उडणे घुबडमाशीसारखे, पण शृंगिका आखूड. ब्राझीलमधील अल्बार्डियाच्याही शृंगिका आखूड. मग ह्या दोघांसाठी काही शास्त्रज्ञांनी तिसरेच कुल केले. १९८२ साली न्यू ह्या ऑस्ट्रेलियातील कीटकशास्त्रज्ञाने त्यांची पुन्हा तपासणी करून ते कुल मोडले. स्टिल्बॉप्टेरिक्सला मुंगीसिंहांत आणि अल्बार्डियाला घुबडमाश्यांत पाठवले.

दुसरे उदाहरण पाल्पारेसचे. ह्या प्रजातीचे मुंगीसिंह भारतातही आढळतात. त्यांच्या पंखांवर तपकिरी ठिपके व पट्टे असतात आणि पंख पसरले असता काहींची रुंदी दहा सेंटिमीटरच्या पुढे जाते. त्यांच्या अळ्या वाळूत राहतात, पण खड्डा करीत नाहीत. आणि येथे एक गोष्ट लक्षात ठेवा: मुंगीसिंह म्हटले की आपल्याला खड्डा आठवतो, पण बहुसंख्य मुंगीसिंहांच्या अळ्या खड्डे करीतच नाहीत. त्या मातीत, पाचोळ्यात, खडकांच्या कपारीत दबा धरून बसतात. मिरमेलिऑनसारख्या काही प्रजातींच्या अळ्या तेवढ्या खड्डे करतात. म्हणजे ज्या खुणेने आपण सगळ्या कुलाला ओळखतो ती खूण कुलातल्या थोड्यांचीच आहे.

मग ज्यांना आपण मुंगीसिंह म्हणतो ते सगळे खरोखर एका घरचे आहेत काय?

पाटील आणि देशमुख

हा प्रश्न नीट कळण्यासाठी आपण एका काल्पनिक घराण्याची वंशावळ मांडू. एका गावी एक मूळपुरुष होता. त्याचे आडनाव पाटील. त्याला दोन मुलगे. त्यांच्यापासून थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन शाखा झाल्या. थोरल्याला पुन्हा दोन मुलगे झाले. त्यांतला एक गावातच राहिला आणि पाटील म्हणवत राहिला. दुसऱ्याला देशमुखी मिळाली. तो दुसऱ्या गावी गेला आणि त्याचे वंशज देशमुख झाले. धाकट्या पातीचे सगळे पाटीलच राहिले.

काही पिढ्यांनंतर कोणी आडनावांवरून ह्या लोकांची यादी केली तर दोन घराणी दिसतील: पाटील आणि देशमुख. पण वंशावळ उलगडून पाहा. थोरल्या पातीच्या पाटलांना जवळचे कोण? धाकट्या पातीचे पाटील नव्हेत, तर देशमुख! आडनाव सारखे म्हणून पाटलांचे एक घराणे धरले आणि देशमुखांना त्यातून वगळले, तर ती यादी वंशावळीशी जुळत नाही. मूळपुरुषाच्या सगळ्या वंशजांना धरले तरच घराणे पुरे होते.

आजचे जीवशास्त्र वर्गीकरणाकडून नेमके हेच मागते. कुल म्हणजे एका पूर्वजाचे सगळे वंशज. त्यातली एखादी शाखा वेगळी दिसते म्हणून ती तोडून बाजूला ठेवता येत नाही.

जिवंत कीटकांची वंशावळ कोणी लिहून ठेवलेली नसते. ती वाचायची त्यांच्या शरीररचनेवरून आणि आता डीएनएवरूनही. विंटरटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली न्यूरॉप्टेरा व जवळच्या गणांतील अनेक जातींच्या शेकडो जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. २०१९ साली माचाडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास मुंगीसिंह व घुबडमाश्या ह्यांचाच अशा पद्धतीने अभ्यास केला. निष्कर्ष असा, की घुबडमाश्या ही मुंगीसिंहांच्या वंशवृक्षातलीच एक फांदी आहे. ह्या फांदीच्या जवळ कोण निघाले? पाल्पारेस आणि स्टिल्बॉप्टेरिक्स! म्हणजे आपल्या उदाहरणातले देशमुख म्हणजे घुबडमाश्या, थोरल्या पातीचे पाटील म्हणजे पाल्पारेस व त्यांचे सोबती, आणि आपल्या सपरीखालचा खड्डेवाला मिरमेलिऑन धाकट्या पातीचा पाटील.

माचाडो आणि सहकाऱ्यांनी दोन्ही कुले एक करून त्यांची चार उपकुले केली. घुबडमाश्या व पाल्पारेस ह्यांचे मिळून एक उपकुल झाले, अ‍ॅस्कलॅफिनी. खड्डे करणारा मिरमेलिऑन दुसऱ्या उपकुलात राहिला. एकत्र झालेल्या कुलाचे नाव मिरमेलिऑन्टिडी असे राहिले. ह्यात मुंगीसिंहाचा मान मोठा असे काही नाही. दोन कुले एक झाली तर आधी दिलेले नाव राखायचे, असा प्राणिशास्त्राचा नियम आहे, आणि १८०२ हे साल १८४२ च्या आधीचे.

सगळ्यांनीच हे मान्य केले आहे असे मात्र नाही. २०१९ सालीच घुबडमाश्यांवर प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात त्यांचे स्वतंत्र कुल कायम ठेवले आहे. तर्काने पाहिले तर दुसरा तोडगाही शक्य आहे: थोरल्या पातीच्या सगळ्यांनाच देशमुख म्हणायचे, म्हणजे दोन आडनावे राहतील आणि वंशावळही बिघडणार नाही. म्हणून तुम्हांला काही पुस्तकांत एक कुल व काहींत दोन कुले आढळतील. नाते काय आहे हा पुराव्याचा प्रश्न आणि त्याला नाव काय द्यायचे हा सोयीचा प्रश्न. हे दोन वेगळे ठेवले की गोंधळ होत नाही.

नावाने काय बिघडते?

तुम्ही म्हणाल, एक कुल की दोन, आपल्याला काय त्याचे? ह्याचे उत्तर वऱ्हाडातल्या कपाशीच्या शेतात मिळेल. वर उल्लेख केलेला क्रायसोपा पऱ्हाटीवरचा मावा आणि किडींची अंडी फस्त करतो, म्हणून तो मुद्दाम वाढवून शेतात सोडतात. भारतातल्या ह्या कीटकाला अनेक वर्षे युरोपातल्या जातीचेच नाव दिले जात होते: क्रायसोपर्ला कार्निया. हे कीटक दिसायला इतके सारखे, की नुसत्या रूपावरून भेद करणे कठीण. पण नर-मादी एकमेकांना साद घालतात ती पोट थरथरवून, आणि ती कंपने पानादेठांतून दुसऱ्यापर्यंत जातात. प्रत्येक जातीच्या कंपनांची लय वेगळी. परक्या लयीला दुसरी जात प्रतिसाद देत नाही. हेन्री आणि सहकाऱ्यांनी २०१० साली ह्या लयी व शरीररचना तपासून दाखवले, की भारतातल्या पिकांवरचा हा महत्त्वाचा क्रायसोपा वेगळा आहे. त्याचे नाव क्रायसोपर्ला झास्ट्रोवी सिलेमी. जात वेगळी म्हणजे तिच्या सवयी, तिला मानवणारे हवामान वेगळे असू शकते. दुसऱ्या जातीवर केलेले प्रयोग डोळे मिटून आपल्याकडे लागू करता येत नाहीत.

मुंगीसिंहाच्या बाबतीतही वंशावळ बदलली की प्रश्न बदलतात. जानेवारी १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन ऑस्ट्रेलियात वॉलेरवांग येथे होता. तेथे त्याने एका मुंगीसिंहाचा खड्डा पाहिला. अळी युरोपातल्या मुंगीसिंहाच्याच प्रजातीची, पण निराळ्या जातीची असावी असे त्याला वाटले. इतक्या दूरच्या दोन भूमींवर एकच युक्ती कशी, ह्या विचाराने त्याला घेरले. आज आपण त्याचे उत्तर समान पूर्वजात शोधतो. आणि वंशवृक्ष बरोबर मांडला असेल तरच खड्ड्याची युक्ती कोणत्या फांदीवर उगवली, कोठे कधी उगवलीच नाही, हे विचारता येते. घुबडमाश्यांना वेगळ्या कुलात ठेवून हा प्रश्न अर्धाच राहिला असता.

तुमच्यासाठी काम

१. कोरडी माती बारीक चाळणीने चाळा. कागदाच्या नरसाळ्यातून ती सावकाश ओतून ढीग करा आणि कोनमापकाने उतार मोजा. मग जाड वाळूचा ढीग करून तोच कोन मोजा. नंतर मुंगीसिंहाच्या खड्ड्याची रुंदी व खोली मोजून त्याच्या भिंतीचा उतार काढा आणि ताडून पाहा.

२. चमच्याने खड्ड्याखालची माती अळीसह उचलून काचेच्या बरणीत ठेवा. बरणीत चार बोटे कोरडी माती आणि वर जाळीचे कापड असावे. आठवड्यातून दोनदा एक-दोन मुंग्या द्या. कोष झाला की बरणीत एक काडी उभी करा. बाहेर आलेल्या कीटकाला पंख वाळवण्यासाठी वर चढावे लागते. तारखा वहीत लिहा, चित्र काढा, शृंगिकांची लांबी नोंदवा आणि कीटकाला सोडून द्या.

३. अमरावतीजवळ वडाळी, पोहऱ्याच्या जंगलाकडे किंवा अकोल्याकडून काटेपूर्णेला सहल गेली तर वाळलेल्या काड्यांकडे नीट पाहा. मोडक्या फांदीसारखा तुकडा, लांब मिशा आणि टोकाला गुंड्या दिसल्या तर हात लावू नका, थांबून पाहा.

दुसऱ्या क्रमांकाचे काम खेळ समजू नका. भारतातल्या पुष्कळ मुंगीसिंहांचे व घुबडमाश्यांचे वर्णन फक्त पंखवाल्या कीटकावरून झालेले आहे. त्यांची अळी कोणती हे माहीत नाही. अळी पाळून तिच्यातून कोण बाहेर येतो हे पाहणे, हाच ते जुळवण्याचा खात्रीचा मार्ग. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. बरणी, माती, मुंग्या आणि वर्षभराची चिकाटी लागते. अंगणे फरशीने झाकली जात आहेत आणि भुरभुरीत मातीचे कोपरे कमी होत आहेत. तुमच्या घराजवळ असा कोपरा उरला असेल तर ह्या सुटीत आधी तेथेच जाऊन बसा.